गाडी मिसिंग मारून राहिली!

शंकरनगर चौकातला सिग्नल. काउंटरवर ७८ सेकंद. डावीकडे कोरी करकरीत एसयूव्ही, उजवीकडे तोंडाला ओढणी गुंडाळलेली स्कूटीवरची कॉलेजकन्यका आणि मध्ये आमची १९९० सालची प्रीमियर पद्मिनी. हुडहुडी भरल्यासारखी थरथरणारी. धक-धक-धक... फट्! धक-धक... फट्! ओढणीतल्या दोन डोळ्यांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे आणि मग स्कूटी अलगद हातभर मागे घेतली. स्फोट झालाच तर आपण लांब असलेलं बरं!

इज्जतीचा फालुदा म्हणतात, तो हाच.

वर गंमत अशी, की आदल्याच संध्याकाळी गाडी सर्व्हिसिंग करून आणली होती. नवे प्लग, नवा पॉइंट, नवा कंडेन्सर, नवा एअर फिल्टर, कार्बोरेटरची सफाई, टॅपेट सेटिंग. सर्व्हिसिंगला देताना गाडी व्यवस्थित चालत होती, फक्त जरा सुस्त झाली होती. म्हणजे आपण पैसे मोजून बिघाड विकत आणला की काय?

जुनी गाडी, जुनी बुलेट किंवा आजोबांची चेतक ज्यांनी सांभाळली आहे, त्यांना हा अनुभव नवा नाही. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, त्यांनीही पान उलटू नका. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसात कुणीतरी 'छोटासा चेंज' करतं आणि सोमवारी अख्खी सिस्टिम आडवी होते. तेव्हा जे शोधकाम करावं लागतं ना, ते आणि हे सेम टू सेम आहे, बॉस!

सोमवारची तारीख

ही गोष्ट २०२५च्या ऑक्टोबरमधली. वार गुरुवार. आणि सोमवारी आरटीओत गाडीची तपासणी होती.

बऱ्याच जणांना वाटतं, की गाडीला १५ वर्षं झाली की ती आपोआप भंगारात जाते. आपल्याकडे तसं नाही. खासगी गाडीला १५ वर्षं झाली की तपासणी करून, पर्यावरण कर भरून नोंदणी पुढच्या ५ वर्षांसाठी वाढवून घेता येते. मग दर ५ वर्षांनी पुन्हा तेच. आमच्या गाडीनं २००५, २०१०, २०१५ आणि २०२० असे चार पेपर पास केले होते. हा पाचवा.

या पेपरात मिसिंग मारणारं इंजिन म्हणजे नापासाची गॅरंटी. कारण साधं आहे. सिलिंडरमधलं पेट्रोल पेटलंच नाही, तर ते न जळता सायलेन्सरमधून बाहेर पडतं. पीयूसीच्या मशिनला नेमकं तेच दिसतं. हायड्रोकार्बनचा आकडा चढतो आणि सर्टिफिकेट मिळत नाही.

'व्हिंटेज' म्हणून सवलत? तीही नाही. २०२१ साली केंद्राच्या परिवहन मंत्रालयानं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात आणि नोंदणी १० वर्षं चालते. पण त्यासाठी गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी लागते आणि ती रोजच्या वापरात नेता येत नाही. आमची ३५ वर्षांची. नव्यांत धरत नाहीत, जुन्यांत घेत नाहीत. एकदम आपल्या वयाच्या लोकांसारखी अवस्था!

पुण्याहून दादाचा फोन आला. त्याचं मत तयारच होतं. 'अगं, किती दिवस ओढणार? देऊन टाका स्क्रॅपला.' हे तो गेली सहा वर्षं म्हणतोय, त्यामुळे त्याचं विशेष काही वाटलं नाही. वाटलं ते बाबांचं. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, 'जाऊ दे. दादा बरोबर बोलून राहिला. देऊन टाकू.'

आमचे बाबा म्हणजे दर रविवारी सकाळी बनियनवर बोनेट उघडून उभा राहणारा माणूस. आईच्या डिलिव्हरीला हीच गाडी, माझ्या बारावीच्या सेंटरला हीच गाडी. गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, हाताला थोडा कंप आला आणि रविवारचं बोनेट उघडणं बंद झालं. आता त्यांनी 'जाऊ दे' म्हटलं, ते फक्त गाडीबद्दल नव्हतं, हे मला कळत होतं.

म्हटलं, 'बाबा, सोमवारपर्यंत वेळ आहे ना? तुम्ही सांगा, मी हात चालवते.'

ही पद्मिनी कोण?

ज्यांचा जन्मच पॉवर स्टिअरिंगमध्ये झाला, त्यांच्यासाठी थोडी ओळख. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. मुंबईतल्या कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यात आधी ती गोलमटोल गाडी बनली, जिला लोकांनी लाडानं 'डुक्कर फियाट' म्हटलं. मग १९६४पासून फियाट ११००चं नवं रूप आलं आणि १९७४च्या सुमारास त्याच गाडीचं नाव पडलं पद्मिनी. नवं शतक उजाडता उजाडता तिचं उत्पादन थांबलं. मुंबईची काळी-पिवळी म्हणून ती पुढेही धावत राहिली. तिथल्या टॅक्सींना २० वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे २०२३च्या ऑक्टोबरअखेर तीही थांबली.

इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. ताकद साधारण ४० हॉर्सपॉवर. गिअर स्टिअरिंगजवळ. आणि या इंजिनात एकही सेन्सर नाही. तुमच्या आजच्या गाडीत मिसिंग झालं, तर कॉम्प्युटर ते मोजतो, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावतो आणि मेकॅनिकच्या स्कॅनरला सिलिंडरचा नंबरसुद्धा सांगतो. पद्मिनी तसलं काही सांगत नाही. तिचं बोलणं कानानं ऐकावं लागतं.

आधी कान, मग पाना

गॅरेजला फोन केलाच होता. तिकडून उत्तर आलं, 'ताई, जुनी गाडी आहे. कार्बोरेटर गेला असंल. बदलून टाकू.' माणूस वाईट नाही, पण शनिवारपर्यंत त्याला वेळ नव्हता. शिवाय कार्बोरेटर बुधवारी सकाळपर्यंत ठीक होता आणि संध्याकाळी एकदम गेला, हे काही पटेना.

शुक्रवारी ऑफिसातून लवकर आले. बाबा पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसले. पहिली ऑर्डर आली, 'बोनेट नको उघडू. चालू कर आणि मागं जाऊन उभी राहा.'

सायलेन्सरच्या तोंडाजवळ हात धरला. गाडी थंड होती तेव्हा फुंकर एकसारखी येत होती. पंधरा-वीस मिनिटांनी इंजिन तापलं आणि फुंकर अडखळायला लागली. बाबा म्हणाले, 'आता ऐक. ठेक्यात चुकते, की कशीही चुकते?'

हा फंडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. चारपैकी एकच सिलिंडर मेला असेल, तर चूक ठेक्यात येते. तबल्यावर दर चौथी मात्रा गाळल्यासारखी. तेव्हा त्या एका सिलिंडरचा प्लग, त्याची वायर, त्याचा व्हॉल्व्ह हे संशयित. पण चूक कधी इथे, कधी तिथे अशी येत असेल, तर दोष चौघांना मिळून जे पुरवलं जातं त्यात. म्हणजे करंट तयार करणारा भाग किंवा पेट्रोल-हवा मिसळणारा भाग.

आमची चूक कशीही येत होती. आणि गाडी तापल्यावरच येत होती. या दोन गोष्टी मी मोबाइलमध्ये टाइप करून ठेवल्या. बाबा म्हणाले, 'शाब्बास. अर्धं काम झालं.'

शेवटचा हात कुठे लागला?

मग बाबांनी बिल मागितलं. मला वाटलं पैशांचा विषय काढतात. पण नाही. बिल म्हणजे संशयितांची यादी!

'गाडी बुधवारी सकाळी चांगली होती. गुरुवारी बिघडली. मध्ये ज्याला ज्याला हात लागला, तोच पाहायचा. बाकी इंजिन सोडून दे.'

किती साधं आहे पाहा. आणि तरी आपण काय करतो? तीन शेजारी तीन थिअऱ्या सांगतात, आणि आपण तिन्ही पाळतो. आमच्याकडेही झालंच. समोरचे काका म्हणाले, 'पेट्रोलच खराब आहे. आजकाल इथेनॉल येऊन राहिलं ना.'

आता इथेनॉलचं म्हणणं अगदीच फेकू नाही. २०२३पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि २०२५पर्यंत ते देशभर पोचलं. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे निव्वळ पेट्रोलसाठी सेट केलेल्या कार्बोरेटरचं मिश्रण थोडं पातळ पडतं. जुन्या रबराच्या नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा यांनाही ते मानवत नाही. जुनी गाडी असेल, तर या नळ्या बदलून घ्याच. पण हा त्रास हळूहळू वाढतो. बुधवारी आणि गुरुवारी टाकीत पेट्रोल तेच होतं. मग एका रात्रीत गाडी बिघडवल्याचा आळ त्याच्यावर कसा घालणार?

दुसरी थिअरी, उकाड्याची. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा पंपातलं आणि नळीतलं पेट्रोल तापून त्याची वाफ होते. मग गाडीला पेट्रोलच मिळत नाही आणि ती चौकात बसते. पंपावर ओला फडका टाकायचा जुना उपाय त्यासाठीच. आम्ही फडका टाकून पाहिला. फरक शून्य.

मग यादी घेतली. एकेक करून. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, गाडी तापवायची, ऐकायचं, नाहीतर मूळ जागी आणायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशानं सुधारली हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

प्लगच्या वायरी. नवे प्लग लावताना वायरी काढतात आणि लावताना अदलाबदल होते. ही सगळ्यात कॉमन चूक. पद्मिनीत सिलिंडर १-३-४-२ या क्रमानं पेटतात. डेल्कोच्या टोपीवरून, म्हणजे पुस्तकी भाषेत डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवरून, प्रत्येक वायर बोटानं शेवटपर्यंत चाचपली. क्रम बरोबर.

कार्बोरेटरची बैठक. सफाईला काढला म्हणजे खालचं गॅसकेट नीट बसलं नसेल, तर तिथून फुकटची हवा आत जाते आणि आयडलिंग डोलतं. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायचा स्प्रे घेतला आणि इंजिन चालू ठेवून सांध्यावर फवारा मारला. हवा ओढत असेल, तर आवाज तेवढ्यापुरता बदलतो. नाही बदलला. (पाणीच वापरा. तापलेल्या इंजिनवर पेट्रोल किंवा दुसरं काही पेटणारं फवारू नका, ही कळकळीची विनंती.)

टॅपेट. ते जास्त घट्ट झाले, तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. पण मग तोच एक सिलिंडर मार खातो. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढायची, तिचं टोक जुन्या प्लगमध्ये खोचून तो प्लग इंजिनच्या धातूला नीट टेकवून ठेवायचा, पुन्हा चालू करून ऐकायचं. असं चारही सिलिंडरचं केलं. ज्याची वायर काढून आवाजात फरक पडत नाही, तो मेलेला. आमच्याकडे चारही वेळा गाडी सारखीच लंगडली. म्हणजे चौघंही कामावर होते. फक्त मालकाकडून पगार वेळेवर येत नव्हता!

आधी करंट, मग पेट्रोल

शनिवारी दुपारपर्यंत यादीत उरले पॉइंट, कंडेन्सर आणि कार्बोरेटरची आतली सफाई. माझा हात कार्बोरेटरकडे गेला. बाबांनी खुर्चीतूनच थांबवलं. 'आधी करंट पाहायचा, मग पेट्रोल. करंट पाहायला एक स्क्रू लागतो, कार्बोरेटर खोलायला अख्खा दिवस.'

थोडी थिअरी, पण सोपी. पॉइंट म्हणजे डेल्कोच्या आतला एक चिमुकला स्विच. तो उघडला, की कॉइलमधला करंट तुटतो आणि त्या झटक्यातून प्लगची ठिणगी तयार होते. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्याला दोन ठिणग्या. म्हणजे ३,००० आरपीएमला मिनिटाला ६,०००, सेकंदाला १००! एवढासा स्विच सेकंदाला १०० वेळा उघडतोय.

आता नळ झटकन बंद केला की पाइपात कसा दणका बसतो? तसाच दणका इथे करंट देतो. तो स्वतःत झेलून घ्यायला डेल्कोच्या बाजूला बोटाच्या पेराएवढा एक पत्र्याचा डबा एका स्क्रूनं लावलेला असतो. तो कंडेन्सर. तो कमजोर असेल, तर करंट पॉइंटच्या फटीतूनच उडी मारतो. पॉइंट जळायला लागतो, प्लगला ठिणगी मरतुकडी मिळते. आणि कंडेन्सरची खोड अशी, की थंड असताना शहाण्यासारखा वागतो आणि तापला की दगा देतो.

तापला की! मोबाइलमधली ती ओळ पुन्हा वाचली.

अंधार पडेपर्यंत थांबलो. गाडी तापवली, बंद केली. डेल्कोची टोपी काढली, कॉइलची मोठी वायर इंजिनच्या धातूला नीट टेकवून ठेवली, पोर्चचा दिवा घालवला. बाबांनी किल्ली फिरवली. पॉइंटच्या फटीत लख्ख निळी-पांढरी ठिणगी कडकड करत नाचत होती. तिथे फार तर बारीकशी चमक दिसायला हवी होती. टॉर्च मारून पाहिलं, तर तीन दिवसांपूर्वी बसवलेल्या नव्याकोऱ्या पॉइंटची तोंडं काळी-निळी पडलेली.

बाबा म्हणाले, 'सापडला!' त्यांचा तो आवाज मी किती दिवसांनी ऐकला.

बिस्किटाचा डबा

आता शनिवारी रात्री साडेआठला पद्मिनीचा कंडेन्सर कुठून आणणार? आणि आणला, तरी तो चांगला कशावरून? ज्या गाडीचं उत्पादन थांबून दोन दशकं उलटली, तिचा 'नवा' पार्ट म्हणजे नक्की काय असतो? कधी वर्षानुवर्षं कपाटात पडलेला, कधी कुणी कसाही बनवलेला. खोका नवा असतो, एवढंच खात्रीनं सांगता येतं.

बाबा आत गेले आणि बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन आले. सर्व्हिसिंगला गाडी देताना ते दर वेळी एकच वाक्य बोलतात, 'बदललेला माल परत द्या.' लहानपणी मला त्याची लाज वाटायची. वाटायचं, बाबा मेकॅनिकवर संशय घेतात. डब्यात या वेळचे चार जुने प्लग होते, जुना पॉइंट होता आणि जुना कंडेन्सर. पाच वर्षं बिनतक्रार चाललेला. केवळ सर्व्हिसिंगच्या यादीत होता म्हणून निवृत्त केलेला.

एक स्क्रू, एक वायर. दोन मिनिटांचं काम. पण पॉइंट साफ करायला हवा होता आणि त्याची फट पुन्हा सेट करायला हवी होती. ही फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही थोडी कमी. तुमच्या एटीएम कार्डाची जाडी साधारण पाऊण मिलिमीटर असते, तिच्या निम्म्याच्या आसपास. त्यासाठी पातळ पात्यांची फिलर गेज लागते. बाबांनी ती सवयीनं हातात घेतली. पातं फटीशी नेलं. हात थरथरला. पुन्हा नेलं. मग काही न बोलता गेज माझ्या हातात दिली.

'घट्ट ओढायची नाही. सैल पण नको. वहीच्या पानांतून एक कागद ओढून काढतो ना, तेवढीच धरली पाहिजे.'

चौथ्या वेळेला जमली. त्यांनी पातं एकदा स्वतः ओढून पाहिलं आणि मान हलवली. फट बदलली, की टायमिंगही सरकतं, म्हणून मग ते तपासलं. नेहमी याच क्रमानं करा. आधी फट, मग टायमिंग. उलटं केलं, तर दोन्ही कामं पुन्हा करावी लागतात.

किल्ली फिरवली. गाडी थंड असतानाच अर्थात छान वाजली. पण थंड इंजिनाच्या शब्दावर आता कोण विश्वास ठेवणार!

रविवार, सोमवार

रविवारी सकाळी गाडी काढली. धरमपेठ, रविनगर, फुटाळा, परत अंबाझरी. चांगली चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. मुद्दाम दुसरा गिअर टाकून तापवली. शेवटी शंकरनगर चौकात येऊन सिग्नलला उभी केली. काउंटरवर या वेळी ८२ सेकंद. इंजिनाचा आवाज ऐकायला मला काच खाली करावी लागली, एवढी शांत! बाबा शेजारी बसून नुसते समोर पाहत होते. तर्री पोह्याच्या गाडीवर थांबलो, तेव्हा स्वतःहून म्हणाले, 'पुढच्या रविवारी नळ्या बदलून टाकू. इथेनॉलचं काका म्हणतात ते काही अगदीच खोटं नाही.' पुढच्या रविवारी! मी तर्री जास्त मागून घेतली.

सोमवारी पीयूसी मिळालं आणि तपासणीही पार पडली. दादाला मेसेज केला, '२०३०पर्यंत विषय बंद.'

आणि तो नवा कंडेन्सर? तो घेऊन गॅरेजला गेले. भांडायचं ठरवून गेले होते, खोटं कशाला सांगू. मेकॅनिकनं तो काहीच न बोलता तिथल्या दुसऱ्या एका जुन्या गाडीला लावला आणि तिला वीस मिनिटं चालू ठेवलं. ती पण फट् फट् करायला लागली. त्यानं फळीवरचा त्या लॉटचा अख्खा खोका उचलला आणि बाजूला टाकला. म्हणाला, 'ताई, आम्ही नवा म्हणून लावतो. आता तापवून पाहूनच देईन.' भांडण तिथंच मिटलं. त्यानं काम चुकीचं केलं नव्हतं. फक्त नवं म्हणजे चांगलं, असं धरून चालला होता. ते तर मी पण धरून चालले होते.

गॅरेजमधून गाडी आली आणि मिसिंग मारायला लागली, तर...

१. बिल काढा. ज्याला हात लागला, तोच पहिला संशयित.

२. थंड असताना आणि तापल्यावर, दोन्ही वेळा ऐका. चूक ठेक्यात आहे की कशीही, ते लिहून ठेवा.

३. एका वेळी एकच बदल. फरक पडला नाही, तर मूळ जागी आणा आणि पुढे जा.

४. आधी फुकटच्या तपासण्या करा. प्लगच्या वायरींचा क्रम, सैल कनेक्शन, निसटलेली नळी. मग पॉइंट आणि कंडेन्सर. कार्बोरेटर सगळ्यात शेवटी.

५. चालू इंजिनजवळ ओढणी, सैल बाही, मोकळे केस नकोत. प्लगची वायर काढायची तर इंजिन बंद करूनच. करंटचा झटका सणसणीत बसतो. गाडी उघड्यावर चालवा, बंद गॅरेजमध्ये धूर साठतो.

६. नवी गाडी असेल, तर यातलं काही करू नका. पिवळा दिवा लागला, की सरळ स्कॅनर लावून घ्या.

७. बदललेला माल परत मागा. लाजू नका. आणि घरात एखादा बिस्किटाचा डबा रिकामा ठेवा.